सोलो कुठून सुरू होतो?

रात्री साडेदहाला ग्रुपवर कुणीतरी एक ओळ टाकतं : ‘पेट्रुचीचा बेस्ट सोलो कोणता? एकच सांगायचा.’ आणि स्वतः झोपून जातं. सकाळी तुम्ही फोन उघडता तर मेसेजचा डोंगर. दोघांनी एकमेकांना ‘तुला कान आहेत का’ असं विचारलेलं, एकाने ग्रुप सोडलेला, आणि ज्याने काडी टाकली तो निवांत ‘गुड मॉर्निंग’ म्हणतोय.

अशा ग्रुपात तुम्ही असाल तर यात नवीन काही नाही. नसाल तर थोडी ओळख करून देतो, म्हणजे पुढचं भांडण नीट कळेल.

ड्रीम थिएटर हा अमेरिकन बँड. १९८५ मध्ये बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकणाऱ्या तीन पोरांनी तो सुरू केला. गिटारवर जॉन पेट्रुची, बेसवर जॉन मायंग, ड्रम्सवर माइक पोर्टनॉय. तेव्हा नाव होतं मॅजेस्टी. १९९२ मध्ये ‘इमेजेस अँड वर्ड्‌स’ आला आणि ‘पुल मी अंडर’ हे आठ मिनिटांचं गाणं चक्क रेडिओ-टीव्हीवर वाजायला लागलं. मेटलचा दणका, मध्येच बदलणारे ताल, कथेसारखी बांधणी आणि दहा-वीस मिनिटांची गाणी, या सगळ्या कालवणाला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. चाहते थोडे, पण एकेक जण दहा जणांचं भांडण एकटा भांडेल असा.

आपल्या श्रीरामपुरात तर हे चाहते शोधूनच काढावे लागतात. ज्या गावाच्या रेल्वे स्टेशनचं नावसुद्धा बेलापूर आहे, तिथं आपल्या आवडीचा माणूसही सरळ पाटी लावून सापडत नाही. कुणाच्या तरी टी-शर्टवर बँडचं ते कोरीव चिन्ह दिसतं, चहाच्या टपरीवर कुणीतरी टेबलावर सातच्या हिशेबात बोटं वाजवताना दिसतो, आणि ओळख होते. पाच मिनिटांत भांडण. वर्षभर दोस्ती.

भांडणात पार्ट्या ठरलेल्या असतात.

पहिली पार्टी वेगवाल्यांची. यांचं दैवत ‘अंडर अ ग्लास मून’. १९९२ चंच गाणं. त्यातल्या सोलोत पेट्रुची एवढ्याशा जागेत इतकी वेगवेगळी तंत्रं वापरतो की गिटार शिकणारा पोरगा आधी वेडा होतो आणि मग क्लास बदलतो. ‘गिटार वर्ल्ड’ मासिकाच्या शंभर सर्वोत्तम सोलोंच्या यादीत हा सोलो ९८ वा होता. वेगवाले हे अभिमानानं सांगतात. समोरचे म्हणतात, ‘अरे, ९८ वा!’

दुसरी पार्टी सुरावाल्यांची. हे ‘द स्पिरिट कॅरीज ऑन’चं नाव घेतात आणि डोळे मिटतात. सावकाश, मोजके सूर, प्रत्येक सुराला श्वास घ्यायला जागा. यांच्यातलीच एक पोटशाखा ‘होलो इयर्स’वाल्यांची. मूळ गाणं १९९७ चं. पण यांना ते नको असतं. यांना २००४ मध्ये टोकियोच्या बुदोकान सभागृहात वाजवलेलं, ‘लाइव्ह ॲट बुदोकान’मधलं वाढवलेलं रूपच हवं असतं. स्टुडिओतलं गाणं मोठं की मैफलीतलं, हे भांडण इथून पुढे आणखी तासभर चालतं.

तिसरी पार्टी काळजाला हात घालणाऱ्यांची. यांच्या हातात दोन पत्ते. एक ‘अनदर डे’, जे पेट्रुचीनं वडिलांच्या कॅन्सरच्या आजारपणात लिहिलं. त्यात गिटारच्या जोडीला जे बेकेन्स्टाइनचा सॅक्सोफोन आहे. दुसरा पत्ता ‘द बेस्ट ऑफ टाइम्स’, २००९ चं. ते पोर्टनॉयनं स्वतःच्या वडिलांसाठी लिहिलं. तेरा मिनिटांचं गाणं. शब्द संपतात तिथं पेट्रुची गिटार उचलतो आणि शेवटपर्यंत खाली ठेवत नाही. शब्द ड्रमवाल्याचे, बाप ड्रमवाल्याचा, आणि निरोप घेतोय गिटारवाला. या गाण्यापुढे वेगवालेसुद्धा जरा गप्प होतात.

चौथी पार्टी खरं तर सोलोबद्दल बोलतच नाही, ती ड्रमवाल्याबद्दल बोलते. २०१० मध्ये पोर्टनॉय बँड सोडून गेला, माइक मँजिनी आला, २०२३ मध्ये पोर्टनॉय परत आला. मधल्या तेरा वर्षांतलं काहीही ‘खरं ड्रीम थिएटर’ नाही असं मानणारी काही जुनी खोडं आहेत. त्यांना गप्प करायला ‘ब्रेकिंग ऑल इल्युजन्स’ पुरेसं आहे. २०११ चं गाणं, म्हणजे मँजिनीच्या काळातलं, आणि त्यातला सोलो पेट्रुचीच्या पहिल्या पाचात बसेल. हे माझं मत. बँडला ग्रॅमीही मिळालं ते २०२२ मध्ये, ‘द एलियन’ गाण्यासाठी, मँजिनी ड्रम्सवर असतानाच.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी अमेरिकेची भानगड, आपला काय संबंध? थांबा. हे भांडण आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी झालेलं आहे, आणि याहून जोरात.

८ जुलै १९२१. मुंबई. टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग लागला. एका बाजूला गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व, भामिनीच्या भूमिकेत. दुसऱ्या बाजूला ललितकलादर्शचे केशवराव भोसले, धैर्यधर. एक गोडव्याचा आणि लयीचा बादशहा, दुसऱ्याचा आवाज तलवारीसारखा धारदार. दोन्ही कंपन्यांचे चाहते एकाच थिएटरात. आजच्या भाषेत सुरावाले आणि वेगवाले शेजारीशेजारी बसलेले. कोण सरस ठरलं यावर मराठी माणूस पुढची कित्येक वर्षं वाद घालत राहिला. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले, त्यामुळे सामना पुन्हा होऊन निकाल लागायची सोयच उरली नाही. वाद मात्र उरला.

त्या काळच्या नाटकात अजून एक गोष्ट होती, ती आपल्या ग्रुपवरच्या भांडणाशी फार जवळून जोडलेली आहे. वन्स मोअर. पद संपलं की लोक ओरडायचे, गवई पुन्हा गायचा, पुन्हा ओरडायचे, पुन्हा गायचा. नाटक रात्रभर चालायचं. धैर्यधर बिचारा रागावून निघून जाणार असायचा, पण लोक त्याला जाऊ देत नसत. ऐकणाऱ्याला पद मिळायचं, भामिनी आणि धैर्यधराचं काय झालं ते मात्र मध्येच कुठं तरी लोंबकळत राहायचं.

आजचा वन्स मोअर म्हणजे रील. पेट्रुचीचा सोलो तीस सेकंदांत कापलेला, वर कुणाचा तरी आश्चर्यानं उघडा पडलेला चेहरा. बघितलं, बदाम दिला, पुढे. आणि मग रात्री साडेदहाला ‘बेस्ट सोलो कोणता’ म्हणून मत द्यायला बसायचं. खरं सांगा, आपल्यापैकी कितीजणांनी ज्या सोलोसाठी आपण भांडतो ते गाणं गेल्या वर्षभरात सुरुवातीपासून ऐकलंय?

माझं म्हणणं एवढंच आहे. सोलो जिथून गिटार एकटी वाजायला लागते तिथून सुरू होत नाही. तो त्याच्या खूप आधी सुरू झालेला असतो.

‘द स्पिरिट कॅरीज ऑन’च घ्या. हे गाणं १९९९ च्या ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ या अल्बममधलं. अख्खा अल्बम एक गोष्ट आहे. निकोलस नावाचा माणूस संमोहनतज्ज्ञाकडे जातो आणि त्याला मागच्या जन्मीची व्हिक्टोरिया दिसायला लागते, जिचा १९२८ मध्ये खून झालेला असतो. गोष्ट म्हणून तुम्हाला आपल्या जुन्या पुनर्जन्माच्या सिनेमांची आठवण होईल, होऊ द्या. बारा गाणी, ७७ मिनिटं. त्यात हे गाणं अकरावं.

त्याच्या आधी काय आहे ते बघा. नववं गाणं ‘द डान्स ऑफ इटर्निटी’. शब्द नाहीत. सहा मिनिटांत शंभराहून जास्त वेळा ताल बदलतो. ऐकताना पायाखालचा जिना कुणीतरी काढून घेतंय असं वाटतं. मग पावणेचार मिनिटांचं ‘वन लास्ट टाइम’, आणि त्यानंतर हे शांत गाणं. निकोलसची भीती गेलेली. तोवर तुम्ही तासभर ऐकत आलेला असता, कान दमलेला असतो, आणि त्या दमलेल्या कानावर ते सावकाश सूर पडतात. वळवाच्या पावसाला जो वास येतो तो पावसाचा नसतो, तापलेल्या मातीचा असतो. तसंच आहे हे. सोलो तेवढाच कापून ऐकला तर छान आहे, गोड आहे, कुणीही शिकून वाजवील असा आहे. वेगवाले म्हणतात ‘यात काय अवघड?’ ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. त्यांनी मातीच तापू दिलेली नसते.

हाच न्याय उलटाही लावता येतो. ‘अंडर अ ग्लास मून’चा सोलो नुसता कसरत आहे असं सुरावाले म्हणतात तेव्हा त्यांनीही गाणं अर्ध्यातूनच ऐकलेलं असतं. ते गाणंच मुळात अस्वस्थ आहे, सारखं कूस बदलणारं. त्यात गोड, लांब सूर ओढत बसला असता तर ते खोटं वाटलं असतं.

यात आपल्या भागातल्या पोरांना एक फायदा आहे, जो त्यांना स्वतःला ठाऊक नसतो. सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाला आजीचा हात धरून गेलेली पोरं आपण. दोन तास एकच अभंग. महाराज एक चरण घेऊन त्याभोवती फिरत राहतात, दृष्टान्त देतात, हसवतात, पुन्हा चरणावर येतात. टाळकरी मागे उभे. आणि मग एका क्षणी चाल चढते, मृदंगवाला हात मोकळा सोडतो आणि मंडपात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचीसुद्धा पाठ ताठ होते. तो सोलोच आहे. फक्त आपण त्याला सोलो म्हणत नाही. ते मृदंगाचं वाजवणं मोबाइलवर कापून ऐका, हाताची तयारी दिसेल. अंगावर काटा येणार नाही, कारण काट्याची तयारी त्या अभंगानं दोन तास केलेली असते. दोन तासांचं कीर्तन ऐकणाऱ्या तालुक्याला २४ मिनिटांचं ‘ऑक्टाव्हेरियम’ लांब वाटायचं काही कारण नाही.

तालाचंही तसंच. प्रोग्रेसिव्ह मेटल ‘कळत नाही’ म्हणणाऱ्यांची बहुतेक अडचण मोजण्याची असते. चारात सवयीनं मान हलते, सातात हलवली की एक मात्रा खड्ड्यात जाते. पण तुम्ही तबल्याच्या क्लासला गेला असाल तर रूपक तुम्हाला माहीत आहे. सात मात्रा. तीन, दोन, दोन. झपताल दहाचा. दोन, तीन, दोन, तीन. लहान लहान गठ्ठे करून मोजायचं, एवढंच. सोप्यापासून सुरुवात करायची तर पिंक फ्लॉइडचं १९७३ चं ‘मनी’ लावा. गाणं सातात चालतं, सॅक्सोफोनचा सोलोही सातात, आणि गिल्मरची गिटार आली की सगळे सरळ चारात जातात. त्या क्षणी गाडी कच्च्या रस्त्यावरून डांबरीला लागल्यासारखं वाटतं. गिल्मर काय वाजवतो त्याइतकंच, तो कशानंतर वाजवतो याचं ते सुख आहे.

आणि हे नातं काही मी ओढूनताणून जोडत नाहीये. ‘द बेस्ट ऑफ टाइम्स’च्या सुरुवातीला जे व्हायोलिन आहे ते जेरी गुडमनचं. हा गुडमन सत्तरच्या दशकात जॉन मॅकलॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रामध्ये होता. त्याच मॅकलॉफ्लिननं पुढे आपल्या झाकीरभाईंना घेऊन ‘शक्ती’ उभा केला. म्हणजे माहीमच्या तबल्यापासून ड्रीम थिएटरपर्यंत दोन पायऱ्या.

आता गिटार शिकणाऱ्यांसाठी थोडं. श्रीरामपुरात गिटारचा सूर बऱ्याच जणांच्या कानावर पहिल्यांदा पडला तो चर्चमध्ये. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला गेला असाल तर तुम्हाला हे सांगायला नको. तिथली गिटार गाण्याच्या मागे राहते, गाणाऱ्या माणसांना धरून ठेवते. इलेक्ट्रिक गिटार हातात आली की मात्र पहिली इच्छा पुढे जाऊन पळायची होते. मेट्रोनोमचा काटा वाढवत न्यायचा, आज १२०, उद्या १३०. पळा, हरकत नाही. पेट्रुचीही असाच तासन्‌तास बसून घडलाय, ‘रॉक डिसिप्लिन’ नावाचा त्याचा शिकवणीचा व्हिडिओच आहे. पण एक करून बघा. जो सोलो बसवताय तो आधी तोंडानं गाऊन दाखवा. शब्द नकोत, नुसतं ‘ना ना ना’. सूर कुठं थांबतो, कुठं खेचलेला आहे, आपल्याकडच्या मींडेसारखा कुठून कुठं सरकतो, हे गाताना कळतं, बोटांना कळत नाही. ‘अनदर डे’चा सोलो दोन-तीनदा ऐकून गाता येतो. ‘अंडर अ ग्लास मून’चा गायला गेलात तर घरचे काळजीत पडतील, पण त्याचेही तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकडा आधीच्याला काहीतरी उत्तर देतो हे तेव्हाच लक्षात येतं.

ही मंडळी प्रत्यक्ष ऐकायची तर? आपल्याला पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते, हे काही बदललेलं नाही. पण वाट आहे. पॉर्क्युपाइन ट्री २००९ च्या डिसेंबरात आयआयटी मुंबईच्या ‘मूड इंडिगो’त वाजवून गेला. त्याचा म्होरक्या स्टीव्हन विल्सन २०१६ मध्ये पुण्यात ‘एनएच७ वीकेंडर’ला आला. २०१९ मध्ये तिथंच स्वीडनचा ओपेथ आला. ओपेथच्या चाहत्यांचं भांडण तर वेगळ्याच विषयावर. २०११ च्या ‘हेरिटेज’पासून मिकाएल ओकरफेल्टनं घोगऱ्या आवाजात गुरगुरणं बंद केलं, ते बरं केलं की वाईट? तेरा वर्षं वाद चालला आणि २०२४ च्या अल्बममध्ये गडी पुन्हा गुरगुरला. वाद मिटला असं समजू नका. आता ‘आधी सोडलं कशाला’ यावर सुरू आहे.

ओपेथ पुण्यात आला त्याच वर्षी त्यांचा ‘इन कॉडा वेनेनम’ आला होता, स्वीडिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. स्वतःच्या भाषेत असलं अवघड संगीत करायला हे लोक बिचकत नाहीत. मुंबईच्या ‘कोशिश’ या बँडनं २०१३ मध्ये ‘फिरदौस’ हा अख्खा अल्बम हिंदीत केला, तोही याच वळणाचा. मराठीत पोवाडा आहे, भारूड आहे, गोष्ट सांगत सांगत अर्धा तास चालणारी गाणी रचायची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची. एखाद्या पोरानं नेवासा रोडवरच्या खोलीत बसून सातच्या तालात मराठी गाणं रचलं तर पहिला श्रोता म्हणून माझं नाव लिहून ठेवा. सोलो कसा का असेना.

आणि हो, माझं मत राहिलंच, ते न देता निसटलो तर ग्रुपवर खैर नाही. माझं मत ‘द बेस्ट ऑफ टाइम्स’ला. वेग आहे, सूर आहे, आणि तेरा मिनिटांतली आधीची आठ-नऊ मिनिटं ऐकल्याशिवाय तो अर्धासुद्धा कळत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेवट जरा लांबलाय असं वाटेल. निरोप लांबतोच. एसटी स्टँडवर बघा.

तुमचं मत वेगळं असणार, असायलाच पाहिजे. फक्त पुढच्या वेळी देण्याआधी एक करा. नगरला जायचं काम निघेलच कधीतरी, कॉलेजचं नाहीतर कलेक्टर कचेरीचं. लाल परीत खिडकी धरा, हेडफोन लावा, फोन खिशात टाका. गाडी स्टँडवरून हलली की ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ पहिल्यापासून चालू करा. बेलापूरला प्रवरेचा पूल येईल तेव्हा व्हिक्टोरियाची गोष्ट नुकती सुरू झालेली असेल. पन्नासाव्या मिनिटाला ‘डान्स ऑफ इटर्निटी’ सुरू होईल. त्यातले ताल आणि रस्त्यावरचे खड्डे वेगळे ओळखता आले तर तुमचा कान तयार आहे म्हणायचा. राहुरी मागे पडलेली असेल. साठाव्या मिनिटाला ‘स्पिरिट कॅरीज ऑन’. शेजारचे काका ‘काय ऐकतोस रे’ म्हणून विचारतील, त्यांना एक बड द्या. सोलो संपल्यावर ते काय म्हणाले, तेवढं रात्री ग्रुपवर टाका.